विटा भिजत घातल्या का?

घरामागे एखादी खोली काढायची ठरली की वहीत आधी पैशांचा हिशेब मांडला जातो. सिमेंटच्या गोण्या किती, वाळू किती ब्रास, गवंड्याची हजेरी किती. दिवसांचा हिशेब मात्र बहुतेक घरांत एवढ्यावरच संपतो की, पावसाळ्याच्या आत उरकून टाकू. जाणता गवंडी असं करत नाही. संध्याकाळी थापी धुऊन ठेवता ठेवता तो विचारतो, “ताई, उद्याच्या विटा भिजत घालायच्या आहेत, टाकीत पाणी आहे ना?”

कोरडी लाल वीट मालातलं पाणी शोषून घेते. मग सिमेंट घट्ट व्हायला पाणी कमी पडतं आणि सांधा कच्चा राहतो. नेहमीच्या विटेनं 24 तासांत स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी भारतीय मानकाला ते चालतं. म्हणजे तीन किलोच्या विटेला अर्धा लिटर पाणीही लागू शकतं. सकाळी गवंडी दारात उभा असताना तिला घाईघाईनं हे पाणी पाजता येत नाही. उसळीचे मूग रात्रीच भिजवावे लागतात, तसंच हे. पुढची कामंही अशीच आदल्या दिवसावर टेकलेली असतात. प्लास्टरच्या आधी वायरमनचे पाइप भिंतीत जायला हवेत. त्याच्याही आधी पंखा कुठे, देवघराचा दिवा कुठे, हे घरातल्यांचं ठरायला हवं. स्लॅबला निदान 7 दिवस पाणी मारावं लागतं, पीपीसी सिमेंट असेल तर 10. ते रोज कोण मारणार, हे स्लॅब पडायच्या आधीच बोलून घेतलेलं बरं.

तयारी राहिली तर आपली खोली एक दिवस पुढे जाते, एवढंच. खरं नुकसान नाक्यावरून आलेल्या बिगाऱ्याचं होतं. तो सकाळीच डबा घेऊन हजर होतो. वाळूची गाडी आलेली नसते. थोडा वेळ वाट बघून त्याला ‘आज राहू दे’ म्हणतात. तोवर नाका रिकामा झालेला असतो, दुसरं काम मिळत नाही, आणि त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. मला वाटतं, कामाचं वेळापत्रक लिहायचं ते आधी या माणसासाठी. आदल्या संध्याकाळी वाळूवाल्याला केलेला एक फोन त्याचा दिवस वाचवतो.

बांधकाम नसलं तरी आपल्या हातात कुणाचा ना कुणाचा उद्याचा दिवस असतोच. सकाळी कुणी रजा टाकून, एसटीनं दाखला न्यायला येणार असेल, तर त्याच्या कागदावरची सही आज निघण्यापूर्वी होऊ शकते. मुलाच्या शाळेत उद्या कागद-कात्री लागणार असेल, तर दुकान आज उघडं आहे. घरी कामाला येणाऱ्या मावशींना ‘उद्या आम्ही गावाला जातोय’ हे आजच कळलं, तर त्या ती वेळ दुसऱ्या घरी देऊ शकतात, नाहीतर स्वतःसाठी ठेवू शकतात. पाच मिनिटांचं काम आहे. आज दुपारच्या चहाच्या वेळी एवढंच आठवून बघा, की उद्या सकाळी आपल्या भरवशावर कोण घरातून निघणार आहे, आणि त्याला आत्ताच काय सांगून ठेवता येईल.