दानाची वस्तू कोणी तपासायची?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवाशात, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरांनी तो अध्याय मराठीत उलगडला. तिथे दानाचा कस लागतो तो देश, काळ, घेणारा आणि देणाऱ्याची वृत्ती यांवर. वस्तू घेणाऱ्याच्या देहाचे काय करील, हा प्रश्न बाजूला राहतो. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. धान्य किडके निघाले तर ते घेणाऱ्यालाच दिसते. पण मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला व्हीलचेअरबरोबर कुशन दिले, की हा हिशेब मोडतो. इजेच्या खाली संवेदना नसेल, तर बैठकीच्या हाडांखाली दाब साठून त्वचेचे रक्त अडले तरी त्याला कळत नाही. बेडसोअर दिसेपर्यंत जखम हाडापर्यंतही गेलेली असू शकते. न्यायदर्शनाच्या भाषेत, इथे प्रत्यक्ष प्रमाणच खुंटते आणि अनुमानावर भिस्त ठेवावी लागते. ते अनुमान शिस्तीने करण्यासाठीच चाचणीची मानके आहेत. ठरावीक भाराखाली कुशन किती खोल दबते, धक्का किती शोषते, भार काढल्यावर किती सावरते, हे आयएसओ १६८४०-२ नुसार मोजतात. म्हणून माझे म्हणणे असे, की संवेदना हरपलेल्या माणसाला न तपासलेले कुशन देणे, मन कितीही निर्मळ असले तरी, अपुरे दान आहे.

यावर कोणी म्हणेल, यंत्राला माणसाचे अंग काय कळणार? आक्षेप खरा आहे. उत्तम ठरलेले कुशनही एखाद्या कृश देहाखाली तळाला टेकू शकते. म्हणून बसलेल्या माणसाच्या हाडांखाली हात सरकवून पाहणे आणि रोज त्वचा आरशात तपासणे सुटत नाही. मात्र मानक पुरेसे नाही, एवढ्याने ते अनावश्यक ठरत नाही. त्याहून जड आक्षेप गरिबीचा: काहीच नसण्यापेक्षा साधी खुर्ची बरी, मोजमाप श्रीमंत देशांनी करावे. खुर्चीमुळे माणूस घराबाहेर पडतो, हे मी हलके मानत नाही. पण जखम झाली की तोच माणूस महिनोन्‌महिने पालथा पडून राहतो आणि खुर्ची कोपऱ्यात जाते. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ ची मार्गदर्शक तत्त्वे तर तुटपुंज्या साधनांच्या प्रदेशांसाठीच लिहिलेली आहेत, आणि योग्य व्हीलचेअर म्हणजे देहाला नीट बसणारी, सुरक्षित, टिकाऊ आणि देशातच परवडणाऱ्या खर्चात दुरुस्त होणारी, असे त्यांत म्हटले आहे. शिर्डी असो की नेवासे, वाटपाचे शिबिर भरवणाऱ्याने पुरवठादाराकडून कुशनचा चाचणी-अहवाल मागावा. फोम वापराने बसतो, तेव्हा काही महिन्यांनी ते कुशन पुन्हा कोण पाहणार, हेही वाटपाआधीच ठरवावे.