सांपडलें तें कोणाचें?

तेरणेकांठच्या एका खेड्यांत उपासना आटोपून आम्ही मंडळीबरोबर लिंबाखालीं बसलों होतों. एका सालगड्यानें विचारिलें, “पाळकसाहेब, मालकाच्या रानांत विहीर खणतांना मोहरांचा हंडा लागला, तर तो कोणाचा?” सगळे हंसले, तो मात्र हंसला नाहीं. आम्हीं उत्तर पुढच्या फेरीवर टाकिलें.

विचार करितां एका परदेशी खेळाची आठवण झाली. इ. स. २००० च्या मे महिन्याच्या आरंभीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या स्थलदर्शक संकेतांत मुद्दाम ठेविलेली चूक काढून टाकिली. लागलीच ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांत डेव्ह उल्मर नामक गृहस्थानें झाडींत एक बादली अर्धवट पुरिली व तिचे अक्षांश-रेखांश सर्वांस कळविले. ह्या खेळास जिओकॅशिंग म्हणतात. चिडाच्या लावणींत शोधणाराची खरी परीक्षा होते. यंत्र त्यास कांहीं पावलांवर आणून सोडितें. पुढें सगळे बुंधे सारखे, ओळी सारख्या, खालीं सुयांसारख्या वाळल्या पानांचा थर. अखेर एखाद्या मुळापाशीं डबी हातीं लागते. तींत एक वही व किरकोळ वस्तु. वहींत नांव लिहावें; वस्तु घेतली तर तितक्याच किंवा अधिक मोलाची ठेवावी; डबी होती तेथेंच पुन्हां लपवावी. इतक्या खटपटीनें कोणी श्रीमंत होत नाहीं, तरी मनुष्य आनंदानें घरीं जातो. लपविणाराची इच्छाच ती सांपडावी अशी असते.

आमच्याकडील गुप्तधनाचा शोध अगदीं उलट. पुरणारास तें परक्याच्या हातीं जावयास नको होतें. आणि शोधणाराही रात्रीं, चोरून, पायाळू मनुष्य व मांत्रिक सोबत घेऊन निघतो. हा नाद कोठवर नेतो तें परभणी जिल्ह्यांतील मानवतच्या १९७२ ते १९७४ च्या हत्यांनीं सर्वांस दाखविलें.

गोरोबाकाकांच्या तेर गांवीं, म्हणजे जुन्या तगर नगरीच्या जागीं, निराळेंच घडलें. तेथील मणी, खापरें, मातीच्या मूर्ति रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं जमविल्या. त्यांच्याच नांवाच्या सरकारी संग्रहालयांत त्या आतां कोणीही पहावें. मोहरांसाठीं खणणारानें हीं चिटुकलीं फेंकूनच दिलीं असतीं.

शेतांतील ठेवीच्या दृष्टांतांतला मनुष्य मात्र आम्हांस पुष्कळ दिवस बोचत होता. ठेव पुन्हां झांकून त्यानें शेत विकत घेतलें. विकणारास तो कांहीं बोलला नाहीं. सेमिनरींत ह्यावरून आम्ही लवकर पुढें जात असूं! आमच्या मतें तो दृष्टांत त्याच्या आनंदाविषयीं व सर्वस्व विकण्याविषयीं आहे. सौद्याचा कित्ता म्हणून तो गिरवूं नये.

सालगड्यास आम्हीं पुढच्या फेरीस सांगितलें कीं, १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किमतीचें पुरलेलें धन सांपडल्यास कलेक्टरास लेखी कळवावें. तें बेवारशी ठरल्यास व दुसरा करार नसल्यास तीन हिस्से सांपडविणाराचे, एक जमीनमालकाचा. लपविल्यास आपला हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद. आणि कायद्याआधीं, मालकास त्याच घटकेस सांगावें.

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मालकाला सांगितलं, आणि मालकच म्हणाला कीं गप्प बस, तर?”