मस्तकाची अमानत आणि मागच्या आसनाचा हक्क

पावसाळा सुरू झाला की पुण्याच्या चांदणी चौकातून निघून भूगाव, भुकूम, पिरंगुट, पौड असा मुळशी तालुका ओलांडत ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता मोटारसायकलींनी भरून जातो. कोणी मुळशी धरणाचा जलाशय व धबधबे पाहावयास निघालेला असतो, कोणी पिरंगुटच्या कारखान्यात पाळीवर. पुण्यात स्थायिक झालेल्या अनेक कोकणी मुस्लिम कुटुंबांसाठी तर ही माणगाव, म्हसळा, श्रीवर्धनकडील आपल्या गावी जाण्याची वाट आहे. वाचकहो, अशा रस्त्यांवरील एक दृश्य आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते आता खटकतही नाही. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असते, मागे बसलेल्या पत्नीच्या डोक्यावर केवळ ओढणी असते आणि पुढे टाकीवर उघड्या डोक्याचे मूल बसलेले असते. विचारले असता दोन उत्तरे मिळतात. एक, दंड चालवणाऱ्यालाच होतो. दुसरे, मरण लिहिले असेल तेव्हाच येईल. पहिले उत्तर कायद्याच्या अज्ञानातून येते. दुसरे मात्र ईमानचे वस्त्र पांघरून येते, म्हणून त्याचा विचार आधी करू.

तवक्कुल आणि तकदीर

मृत्यूची घटका अल्लाहने निश्चित केलेली आहे, याविषयी कोणाही मुस्लिमाच्या मनात शंका नाही. प्रश्न असा आहे की, त्या श्रद्धेवरून सावधगिरी सोडण्याची मुभा मिळते काय? उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे विचारणाऱ्याला आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास व मग भरवसा ठेवण्यास सांगितले, ही तिर्मिजीतील हदीस आपण जाणतोच. त्याहून बोलका आहे तो प्रेषितांचा (स.) स्वतःचा आचार. हिजरी सन ८ मध्ये ते मक्केत विजयी होऊन प्रवेशले तेव्हा त्यांच्या मस्तकावर शिरस्त्राण होते, असे माननीय अनस (रजि.) सांगतात. त्याआधी उहुदच्या रणांगणात याच मस्तकावरील शिरस्त्राण फुटले होते व चेहरा रक्ताने माखला होता. अल्लाहवर त्यांच्याहून अधिक भरवसा असणारा मनुष्य कोण? तरीही त्यांनी आपले मस्तक उघडे ठेवले नाही. पवित्र कुरआनने तर माननीय दाऊद (अलै.) यांना शिकवलेली चिलखत बनविण्याची विद्या ही अल्लाहची देणगी म्हणून सांगितली आहे व तिच्याबद्दल कृतज्ञता मागितली आहे (२१ : ८०). देणगी हाताशी असूनही ती घराच्या खुंटीला टांगून ठेवणे ही कृतज्ञता नव्हे.

माननीय उमर (रजि.) सीरियाकडे जात असता पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि त्यांनी परत फिरण्याचे ठरविले. तेव्हा माननीय अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, हे अल्लाहच्या तकदीरपासून पलायन नव्हे काय? उमर (रजि.) यांचे उत्तर असे होते की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. एका दरीचा एक उतार हिरवा व दुसरा ओसाड असेल, तर तुम्ही उंट कोठेही चारा, चारणे तकदीरनुसारच घडते. मग जाणता गुराखी ओसाड उतार का निवडील? पिरंगुटच्या घाटात वळणावर गाडी सावकाश नेणे आणि आंधळेपणाने पुढच्याला मागे टाकणे, दोन्ही तकदीरच्या कक्षेतच आहे. पण जाब विचारला जाईल तो आपण काय निवडले याचा.

देह आपला, मालकी त्याची

स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, ही कुरआनची आज्ञा आहे (२ : १९५). तुझ्या देहाचाही तुझ्यावर हक्क आहे, असे प्रेषितांनी (स.) आपल्या एका साथीदारास बजावले होते. देह अमानत असेल, तर जीव माझा व धोकाही माझा, हे म्हणणे उरत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात हेल्मेटची कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हा तिच्याविरुद्ध मोर्चे निघाले. सक्ती असावी की नसावी, हा नागरिकांमधील वाद असू शकतो. परंतु जो मनुष्य आपल्या देहाला अमानत मानतो, त्याला चौकात पोलीस उभा आहे की नाही हे पाहण्याची गरज पडू नये.

शिवाय रस्ता एकट्याचा नसतो. आपल्या निष्काळजीपणाने पादचारी दगावला तर शरीअतमध्ये तो चुकून झालेल्या हत्येचा प्रश्न होतो आणि तिच्यासाठी कुरआनने रक्तभरपाई व प्रायश्चित्त सांगितले आहे (४ : ९२). १९९३ साली ब्रुनेईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनानेही, शरीअतशी विसंगत नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे हे शरीअतच्या दृष्टीने बंधनकारक ठरविले आहे.

मागे बसलेल्यांचा हक्क

आता पहिल्या उत्तराकडे वळू. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ चालवणाऱ्याइतकेच मागे बसणाऱ्यालाही लागू आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण अपघातांत मृत्युमुखी पडले. त्यांतील १४,३३७ हे गाडी चालवत नव्हते, मागे बसलेले होते. ही पत्नी, आई, बहीण, मुले व मित्र यांची संख्या आहे. घरात एकच हेल्मेट असणे आणि ते कर्त्या पुरुषाच्या डोक्यावर असणे, याचा अर्थ काय होतो, याचा प्रत्येक कुटुंबप्रमुखाने विचार करावा. प्रत्येक जण राखणदार आहे व त्याच्या हवाली असलेल्यांविषयी त्याला विचारले जाईल, ही हदीस आपण भाषणात ऐकतो. तिचा अर्थ गाडीला किल्ली लावतानाही लागू होतो.

प्रेषित (स.) यांच्या वाहनावर त्यांच्या मागे लहानथोर बसत असत. हजमध्ये अरफातहून निघताना माननीय उसामा (रजि.) व पुढे माननीय फज्ल (रजि.) मागे बसले होते. एका प्रवासात अंजशा नावाचा सेवक गाणे म्हणत स्त्रियांचे उंट वेगाने हाकू लागला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला आवरले व उंटांवर काचेची पात्रे आहेत असे समजून हळू चालण्यास सांगितले. उंटाचा वेग प्रेषितांना (स.) स्त्रियांसाठी अधिक वाटला, मग घाटाच्या उतारावर भरधाव निघालेल्या आपल्या मोटारसायकलीविषयी काय म्हणावे?

घाई

इफ्तारच्या आधीची दहा मिनिटे, जुम्याची अजान झाल्यानंतरची धावपळ, ईदच्या दिवशी एका गाडीवर तिघे-चौघे, शब-ए-बरातच्या रात्री शहरांत गाड्या उडविणारी मुले: आपल्या पुण्याच्या क्षणांनाच घाई चिकटलेली आहे. अरफातहून परतताना मागे उंटांना मारण्याचा व ओरडण्याचा गलबला ऐकून प्रेषितांनी (स.) लोकांना शांतपणे चालण्यास सांगितले आणि धावपळीत पुण्य नाही हे स्पष्ट केले. हजच्या दिवशी जर घाईत पुण्य नाही, तर इफ्तारच्या दस्तरखानाकडे धावण्यात ते कोठून येणार? उशीर झाला तर पाण्याच्या घोटाने रस्त्याच्या कडेला रोजा सोडता येतो.

काय करावे?

हेल्मेट आयएसआय चिन्हाचे, डोक्याला घट्ट बसणारे व पट्टा लावलेले असावे. पट्टा मोकळा असेल तर ते आघातापूर्वीच निघून जाते. एकदा अपघातात आपटलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यातून हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के व डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असे दिसले आहे. भगिनींनी हेल्मेटखाली पातळ स्कार्फ गाठ वा टाचणी न ठेवता बांधावा. अबाया, बुरखा व ओढणीची टोके चाकापर्यंत लोंबणार नाहीत अशी आवरून घ्यावीत आणि गाडीचा साडी गार्ड काढून टाकू नये. सलवारीवर अबाया आवरून दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे हे एका बाजूला बसण्याहून अधिक स्थिर असते. मागे बसणाऱ्याने दोन्ही पाय पायदानावर ठेवावेत, चालकाला धरावे व वळणावर त्याच्यासोबतच झुकावे.

नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हेल्मेट, चार वर्षांखालील मुलांसाठी चालकाला बांधणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा, असा फेब्रुवारी २०२२ चा केंद्रीय नियम आहे. मुलाची जागा टाकीवर नाही. घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये, खालच्या गिअरमध्ये ठेवावी. दोन्ही ब्रेक एकत्र व हळुवार लावावेत. पहिल्या पावसात रस्त्यावरील तेल सुटते तेव्हा, आणि ताम्हिणीच्या धुक्यात, दिवा चालू ठेवून वेग उतरवावा. धुक्यात पुढचे दिसेनासे झाले तर रस्ता सोडून सुरक्षित जागी थांबावे. फोन खिशात राहू द्यावा.

आपण गाडीवर बसताना जी दुआ म्हणतो, तिचा आशय असा आहे की, हे वाहन अल्लाहने आपल्या स्वाधीन केले, आपल्या स्वतःच्या बळाने ते वश झाले नसते, आणि अखेर आपणांस त्याच्याकडेच परतायचे आहे (४३ : १३-१४). दुआ जिभेवर येण्याआधी हेल्मेटचा पट्टा लागलेला असू द्या, आपल्याही आणि मागे बसलेल्यांच्याही. पुढच्या महिन्याच्या खर्चात एक हेल्मेट पत्नीसाठी व एक मुलासाठी धरा.

अल्लाह आपणा सर्वांना आपल्या अमानतींचे रक्षण करण्याची सद्बुद्धी देवो, आणि रस्त्यावर निघालेल्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवो. आमीन.