तिघे निघाले तर एक अमीर



शनिवार-रविवारची सुट्टी जवळ आली की अनेक घरांत एक परवानगी मागितली जाते. मित्राचा वाढदिवस आहे, पाच जण मिळून मोटारीने दापोलीला जाणार, समुद्रकिनारी एक रात्र राहणार आणि रविवारी परतणार. अब्बा विचारतात, गाडी कोणाची? अम्मी विचारते, पोहोचणार किती वाजता? एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि तोच आपल्या दीनने शिकवलेला आहे : तुमच्यात अमीर कोण?

तिघे जण प्रवासाला निघाले तर त्यांनी आपल्यातील एकाला अमीर नेमावे, ही प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण इमाम अबू दाऊद यांनी आपल्या हदीससंग्रहात नोंदविली आहे. येथे लष्कराची किंवा मोठ्या काफिल्याची अट नाही. तीन माणसे पुरेशी आहेत. आजच्या भाषेत बोलायचे तर एका मोटारीचे प्रवासी!

अमीर म्हणजे हुकूम सोडणारा नव्हे. ज्याचे ‘थांबा’ हे म्हणणे सर्वांनी निघण्यापूर्वीच मान्य केलेले असते, तो अमीर. रात्रीचे दोन वाजले आहेत, पेण-माणगाव मागे पडले आहे, चालकाचे डोळे जड झाले आहेत. मागे बसलेल्यांना हे दिसते, तरी प्रत्येक जण गप्प राहतो. भित्रा म्हणून थट्टा होईल, मजेचा विरस होईल, असा संकोच असतो. अमीर नेमलेला असेल तर या संकोचाला जागाच उरत नाही. म्हणून माझी विनंती आहे, जो गाडी चालवतो त्यालाच शक्यतो अमीर करू नका. थकलेल्या माणसाला स्वतःचा थकवा सर्वांत शेवटी कळतो.

तरुण मित्रांनो, स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश सूरह बकराच्या 195 व्या आयतीत आहे. हा आदेश महामार्गावरही लागू आहे. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश 18 ते 45 या वयोगटातील होती, आणि दहांपैकी सात मृत्यू अतिवेगाशी निगडित होते. ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते. चालकाचा डोळा पाच सेकंद लागला, तर जवळजवळ 140 मीटर अंतर ती गाडी कोणीही चालवत नसते.

या बाबतीत सुन्नत काय सांगते? खैबरहून परतताना प्रेषितांचा (स.) काफिला रात्री चालत होता. झोप अनावर झाली तेव्हा आपण (स.) काफिला थांबविला आणि हजरत बिलाल (रजि.) यांना पहाटेसाठी जागे राहण्यास सांगितले. थकव्याने त्यांचाही डोळा लागला आणि उन्हाने सर्वांना जाग आली. मग थोडे पुढे जाऊन फज्रची नमाज जमातीने अदा करण्यात आली. सहीह मुस्लिममधील या घटनेत दोन धडे आहेत. झोप आल्यावर थांबणे हा कमीपणा नाही. आणि थांबताना नमाजची काळजी कोणावर तरी सोपवलेली असावी.

दुसरी घटना हजरत अंजशा (रजि.) यांची. ते सुरेल आवाजात गाऊन उंट हाकत, आणि त्या सुरांवर उंट वेग घेत. उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या. प्रेषितांनी (स.) त्यांना सावकाश हाकण्यास सांगितले आणि त्या प्रवाशांना काचेच्या भांड्यांची उपमा दिली. गाडीतील संगीताचा आवाज वाढतो तसा पायाखालचा वेगही वाढतो, हे आपण पाहतोच. प्रत्येक आसनावर कोणाच्या तरी घरची काच बसलेली आहे.

आता नमाज. मुंबईहून दापोली दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. म्हणजे हा शरई सफर आहे. हनफी मसलकात सुमारे 77 किलोमीटरहून दूर जाणारा मुसाफिर जोहर, असर व इशाच्या चार फर्ज रकअतींऐवजी दोन अदा करतो. फज्र व मगरिब यांत कसर नाही. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव शाफई आहेत. त्यांच्याकडे जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र अदा करण्याचीही सवलत आहे. एका मोटारीत दोन्ही मसलकांचे मित्र असतील तर वाद घालू नका. प्रत्येकाने आपापल्या इमामांच्या मार्गाने चालावे, आणि अमीराने वेळेवर गाडी थांबवावी. अल्लाहने इतके सोपे करूनही नमाज सुटत असेल, तर सबब कोणती सांगणार?

आणि वाढदिवस? दीनने आपल्याला दोन ईद दिल्या आहेत. वाढदिवस साजरा करणे हा दीनचा भाग नाही, आणि अनेक उलमांनी ते टाळण्याचाच सल्ला दिला आहे. माझेही मत तेच आहे. पण जन्मदिवसाची आठवण कशी ठेवावी, हे सुन्नतमध्ये आढळते. सोमवारच्या रोज्याविषयी विचारले गेले तेव्हा, हा माझ्या जन्माचा दिवस आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. म्हणजे जन्माची आठवण शुक्रगुजारीने, भूक सोसून! मित्राला भेटा, त्याला जेवू घाला, त्याच्यासाठी दुआ करा. जेथे शराब मांडली जाईल, तेथून उठा. आणि त्याला एवढे आठवण करून द्या की वय एका वर्षाने वाढले म्हणजे मुदत एका वर्षाने घटली. ज्या दिवशी आयुष्य मोजायचे, त्याच रात्री ते रस्त्यावर उधळायचे, हा कसला आनंद?

मातापित्यांनो, शेवटी एक गोष्ट तुमच्यासाठी. मुलगा परतताना दर दहा मिनिटांनी फोन करून ‘कुठे पोहोचलास, उशीर का’ असे विचारू नका. आपल्या रागाच्या भीतीनेही गाडीचा वेग वाढतो. अरफातहून परतताना मागे उंटांना मारण्याचा व ओरडण्याचा आवाज आला तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि घाई करण्यात नेकी नाही, हे समजावले. हजच्या वाटेवर घाईत नेकी नाही, तर घरच्या वाटेवर कशी असेल? निघतानाच मुलाला सांगा : झोप आली तर थांब, सकाळी ये, मी रागावणार नाही.

सफरची दुआ सूरह जुखरुफमधून आली आहे. वाहन अल्लाहने आपल्या ताब्यात दिले, आपल्यात ते बळ नव्हते, आणि आपल्याला आपल्या रबकडे परतायचे आहे, हे तीत आपण कबूल करतो. निघतानाच परतीची आठवण! किल्ली फिरवण्यापूर्वी ती दुआ सर्वांनी मिळून म्हणा, आणि त्याआधी अमीर नेमा.

अल्लाह तआला आपल्या मुलांना नेक सोबती देवो, त्यांचा प्रत्येक सफर सुखरूप करो आणि त्यांना ईमानसह घरी परत आणो. आमीन.