टाकीचे झाकण

आपण एखाद्याला वाईट बोललो आणि हे त्याला कधी कळलेच नाही, तर त्याची माफी मागायची असते का? हा प्रश्न मला गीता वाचताना पडला नाही. एका जुन्या मोटारीच्या पेट्रोलच्या टाकीने तो माझ्यापुढे टाकला.

२०१९ च्या सप्टेंबरात मी १९६९ ची एमजीबी विकत घेतली. दोन माणसांची, छत उघडणारी स्पोर्ट्स कार. इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनत असे. पुण्यात ज्याची कॉलेजची वर्षे चेतक आडवी करून चालू करण्यात गेली, त्याला चाळिशीत असे वेड लागणे क्षम्य आहे, असे माझे मत. सौ. चे वेगळे आहे. विकणारे ऐंशीच्या आसपासचे एक गोरे आजोबा. म्हणाले, "ही मला रस्त्यात कधी अडकवून ठेवणार नाही एवढा माझा हिच्यावर भरवसा आहे."

पुढच्याच महिन्यात लेबर वीकेंडला आम्ही टाउपोला निघालो. बॉम्बेला टाकी काठोकाठ भरली आणि हंटली यायच्या आत गाडी आचके देत बंद पडली. पेट्रोलच्या पंपाची टिकटिकही थांबली. मी झाकण उघडून टाकीत डोकावलो, मग मागच्या चाकाजवळच्या पंपावर बुटाची टाच हाणली (या गाड्यांवरचा हा जगप्रसिद्ध उपाय), आणि गाडी सुरू! निदान झाले: पंप गेला. नवा बसवला. पुन्हा तेच. मग कॉइल, फिल्टर, पेट्रोलची नळी. दर वेळी मी झाकण उघडून बघत होतो आणि श्रेय टाचेला देत होतो.

दरम्यान तोंड चालूच होते. प्रत्येक पॉटलकला, प्रत्येक हळदीकुंकवाला बाहेर उभ्या पुरुषमंडळीत माझी गोष्ट ठरलेली: "म्हाताऱ्याने चक्क फसवलं. गोड बोलून रद्दी गळ्यात मारली." डिस्प्यूट्स ट्रायब्युनलमध्ये जायच्याही गप्पा मी मारल्या. गोष्ट सांगता सांगता तिला फोडणीही बसत गेली.

२०२१ च्या लांबलेल्या लॉकडाउनमध्ये, ऑफिसात सर्व्हरच्या बिघाडाची करतो तशी, मी गाडीच्या बिघाडाची तारीखवार यादी केली. एक गोष्ट विचित्र दिसली. गाडी दर वेळी टाकी भरल्यानंतर थोड्याच वेळात थांबली होती. पेट्रोल कमी असताना कधीच नाही!

आमची आई तेलाच्या डब्याला नेहमी दोन भोके पाडायची. एकातून तेल, दुसऱ्यातून हवा. एकच भोक असले की तेल गुडगुड करत अडखळते. मोटारीच्या टाकीचेही तसेच. जेवढे पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. न आली तर आत ओढ निर्माण होते आणि पंप बिचारा ओढून ओढून थकतो. टाकी काठोकाठ भरलेली असली तर वर हवा जेमतेम दोन-चार लिटर. लिटरभर पेट्रोल गेले तरी तिच्यावर ताण येतो. अर्ध्या टाकीत वीस-पंचवीस लिटर हवा असते, तिला लिटरभराचे काही वाटत नाही. ऑकलंडात मी वीस-वीस डॉलरचे पेट्रोल घालून फिरत होतो, म्हणून तिथे गाडी शहाण्यासारखी वागत होती.

निर्बंध उठल्यावर, जानेवारीत, टाकी भरून निघालो. गाडीने आचका दिला तसा बाजूला थांबलो, पंपाला हात लावला नाही, फक्त झाकण उघडले. "फस्स!" हवा आत गेली. गाडी सुरू.

आता ते झाकण. १९७० पासून कॅलिफोर्नियाने आणि पुढच्याच वर्षी साऱ्या अमेरिकेने टाकीतून उडणाऱ्या पेट्रोलच्या वाफेवर मर्यादा घातली. त्यानंतर तिकडच्या गाड्यांची झाकणे हवाबंद झाली आणि टाकी कोळशाच्या डबीतून श्वास घेऊ लागली. माझ्या गाडीला तशी डबी नाही; तिच्या झाकणातच हवेची वाट असायला हवी. माझे झाकण मात्र हवाबंद होते, कुलपाचे, चकचकीत. ते कोणी बसवले होते? मीच. गाडी घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात, पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून! आजोबांचे मूळ झाकण हत्यारांच्या डब्यात पडून होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

इथवर विनोदी आहे. पुढचे नाही. मी जुने झाकण लावले आणि कोणालाही काही सांगितले नाही. गोष्ट सांगायची थांबवली, तेवढीच.

गेल्या गणपतीत नुकताच मास्टर्सला आलेला एक मुलगा गाडी शोधत होता. मीही असाच आलो होतो, म्हणून कान दिला. एक स्नेही त्याला समजावत होते, "खासगीत घेऊ नकोस रे. हे गोरे म्हातारे गोड बोलून फसवतात. आपल्या एकांना असाच अनुभव आला." आपल्या एकांना म्हणजे मला. माझी गोष्ट पाय फुटून एका माणसावरून सगळ्या जमातीवर गेली होती. आपल्याबद्दल कोणी इथे असे बोलले तर आपण सभा घेऊ.

मी तिथेच खरे सांगितले. थोडे हसे झाले. घरी सौ. म्हणाली, "ज्यांना सांगितलंस त्यांना दुरुस्त करून सांग. पण आजोबांना कशाला? त्यांना माहीतच नाही. तू मोकळा होशील आणि ते मात्र दुखावतील." ठाण्याहून बाबा म्हणाले, "नाव त्यांचं घेतलंस ना? मग त्यांना सांग." दोघांचे पटत होते. सौ. चे सोयीचे होते, म्हणून मला त्याचाच संशय आला.

आठवडाभराने फोन केला. आजोबा आता केंब्रिजला मुलीकडे असतात. सगळे ऐकून घेतले, मधे बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या पहिल्या ख्रिसमसला गाडी कशी आहे हे विचारायला त्यांनी दोनदा फोन केला होता, निरोप ठेवला होता. उत्तर नाही म्हटल्यावर काहीतरी बिनसले आहे एवढे त्यांनी ओळखले होते. काय, ते कळेना.

ते दोन्ही निरोप मी ऐकले होते.

फेब्रुवारीत त्यांना गाडी बघायची आहे. मी आणायला जाणार आहे. सौ. म्हणते, बॉम्बेला टाकी काठोकाठ भरून जा.