सिनेमाशेजारी सिनेमा

वर्षातले आवडते सिनेमे कोणते, हे इतरांना डिसेंबरात विचारतात. दिवाळी अंकांमुळे आम्हाला ते पावसाळ्यातच सांगावं लागतं, आणि मजकूर द्यायला उशीर करत करत नवरात्र उजाडलं तरी वर्षाचे तीन महिने शिल्लकच असतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. छत्रपती संभाजीनगरात बसून एका छोट्या फिल्म क्लबासाठी सिनेमे निवडणाऱ्याचं वर्ष तसंही कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३मध्ये टोरांटोत दाखवला गेला, तिथे त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि थिएटरात तो लागला ७ मार्च २०२५ला. पायल कपाडियांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ने कानमध्ये ग्रां प्री मिळवली मे २०२४मध्ये, आपल्याकडे तो आला त्या नोव्हेंबरात, दिवाळीचे आकाशकंदील उतरल्यावर. आमचा अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव यंदा, म्हणजे २०२५मध्ये, १५ ते १९ जानेवारीला झाला. तो संपल्यावर चार दिवसांनी अमेरिकेत सनडान्स सुरू झाला आणि तिथे रोहन परशुराम कानवडेंच्या ‘साबर बोंडं’ला जागतिक कथाचित्रपट विभागातलं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. मराठी सिनेमाची वर्षातली सगळ्यात मोठी बातमी आमच्या महोत्सवाच्या हातून अशी थोडक्यात निसटली.

समीक्षकाने सिनेमा कसा आहे ते सांगितलं की त्याचं काम संपतं. आमचं तिथून पुढे सुरू होतं. हक्क कोणाकडे आहेत ते शोधायचं, खेळाचे पैसे ठरवायचे, डीसीपी, म्हणजे थिएटरसाठीची डिजिटल प्रत, मागवायची, ती उघडणारी केडीएम ही डिजिटल किल्ली नेमक्या त्या दिवशी आणि त्या तासांपुरतीच चालणार असते तेव्हा प्रोजेक्शनवाल्याच्या मागे लागायचं, सबटायटल्स कोणत्या भाषेत आहेत ते पाहायचं. या सगळ्याच्या आधी एक गोष्ट घडावी लागते: हा सिनेमा दुसऱ्या कोणत्या सिनेमाच्या शेजारी बसेल, आणि समोर कोण बसलेलं असेल, हे दिसावं लागतं. मला एखादा सिनेमा आवडला म्हणजे नेमकं काय झालं, तर एवढंच झालं. ज्यांच्या बाबतीत ते होत नाही ते सिनेमे मी बघतो, वाखाणतो आणि घरी जाऊन विसरतो. पायल कपाडियांचा सिनेमा उत्तम आहे, पण अजून मला त्याचा शेजारी सापडलेला नाही. म्हणून तो या यादीत नाही, आणि याबद्दल मित्र माझ्याशी भांडतात.

यंदाच्या सप्टेंबरात लागोपाठ तीन शुक्रवारी तीन सिनेमे आले. १२ तारखेला सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’, १९ला ‘साबर बोंडं’, २६ला नीरज घायवानचा ‘होमबाउंड’. ‘दशावतार’मधले दिलीप प्रभावळकर बघायला लोक आपणहून गेले. त्या सिनेमाला माझी गरज नव्हती, आणि अशा सिनेमांबद्दल आमच्यासारख्यांनी उगाच मतं देत फिरू नये. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार माजला होता. दुष्काळातल्या गावाची गोष्ट सांगणारा आदिनाथ कोठारेंचा ‘पाणी’ जेमतेम वर्षभरापूर्वी लागला होता आणि आता बीड, धाराशिव, नांदेडकडे शेतंच्या शेतं पाण्याखाली होती. सिनेमाचा विचार करण्याचे ते दिवस नव्हते. तरी ‘होमबाउंड’बद्दल मला इथेच, याच भागात बसून लिहायचं आहे.

या सिनेमाचं मूळ बशारत पीर यांनी २०२०मध्ये न्यूयॉर्क टाइम्ससाठी लिहिलेल्या एका लेखात आहे. टाळेबंदीत सुरतेहून उत्तर प्रदेशातल्या गावाकडे निघालेले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. त्यातला एक वाटेत जातो. ही मे २०२०ची गोष्ट. त्याच महिन्यात, ८ तारखेच्या पहाटे, आमच्या जालना रस्त्यावरच्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी ही माणसं मध्य प्रदेशातल्या शहडोल, उमरिया भागातली. घराकडे जाणारी गाडी कुठेतरी मिळेल म्हणून रात्रभर रुळांच्या कडेने चालली आणि थकून तिथेच आडवी झाली. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो देशाने पाहिला. बाकी देशासाठी ‘होमबाउंड’ ही पाच वर्षांपूर्वीची आठवण आहे. जालना रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यासाठी ती रस्त्यावरची एक जागा आहे.

पण या शहरात हा सिनेमा लावायचं हे एकमेव कारण नाही. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पोलीसभरतीचा अर्ज भरताना सिनेमातला दलित मित्र चंदन आपली जात पुढे करायला कचरतो, राखीव जागा सोडून खुल्या गटाचा रकाना निवडतो. दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाला तिथे वाईट वाटतं. इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये मिलिंद महाविद्यालय काढलं, विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून सोळा वर्षं लढा चालला आणि १४ जानेवारी १९९४ला नामविस्तार झाला. मिलिंदच्या नागसेनवन परिसरात शिकलेला प्रेक्षक या प्रसंगाला हळहळून सोडून देणार नाही. तो विचारेल, हा मुलगा लाजतो कशाला? कोणी म्हणेल, लाजत नाही, दमलाय. कोणी म्हणेल, दिग्दर्शकाने त्याला अजून थोडं चिडू द्यायला हवं होतं. मला हा वाद सभागृहात हवा आहे. सिनेमा निर्दोष नाहीच. चंदनची मैत्रीण सुधा हिचं पात्र अर्ध्यावर सोडलं आहे आणि काही ठिकाणी संगीत आपल्याला रडायची सूचना देतं. पण चंदनच्या आईच्या टाचांच्या भेगा दाखवताना घायवान कॅमेरा किती वेळ थांबवायचा हे जाणतो.

शेजारी कोण? जानेवारीच्या महोत्सवात सई परांजपे यांना पद्मपाणी जीवनगौरव पुरस्कार मिळाला. लोकांना त्यांचे ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ आठवले, ते साहजिकच. मला आठवला ‘दिशा’, १९९०चा. गावातून मुंबईच्या गिरणीत गेलेले नाना पाटेकर आणि रघुवीर यादव, आणि गावातच विहीर खणत राहिलेला ओम पुरी. पाणी लागेल या एकाच ध्यासाने वर्षानुवर्षं तो खड्ड्यात उतरतो आहे. सकाळी ‘दिशा’ आणि दुपारी ‘होमबाउंड’ असं लावलं की काय दिसतं? जाणारा आणि राहणारा यांत शहाणा कोण, हा पहिल्या सिनेमाचा प्रश्न दुसऱ्यात उरलेलाच नाही. तिथे विहीर खणत बसण्याची मुभा कोणालाच नाही. पस्तीस वर्षांत काय बदललं हे सांगायला मग व्याख्याता बोलवावा लागत नाही. यंदाचा माझा सगळ्यात आवडता सिनेमा कोणता म्हणाल तर ही जोडी, म्हणजे हिशेबाने अर्धा सिनेमा यंदाचा आणि अर्धा १९९०चा.

जुन्यांतलाच आणखी एक. श्याम बेनेगल २३ डिसेंबर २०२४ला गेले. श्रद्धांजलीला सगळीकडे ‘मंथन’ लावतात. त्याची नवी प्रत झाली आहे, पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घातल्याची गोष्टही सांगायला छान आहे. आम्ही ‘अंकुर’ लावला. बेनेगल हैदराबादेत वाढले, तिथे फिल्म सोसायटी त्यांनी सुरू केली, आणि १९७४च्या या पहिल्या सिनेमात शबाना आझमींच्या तोंडी त्यांनी दखनी ठेवली. समीक्षेच्या पुस्तकांत याला वास्तववाद म्हणतात. सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या आमच्या शहरात ती शेजारणीची बोली आहे. ‘नक्को’ आणि ‘कायकू’ला सभागृहातून हसू आलं, ते ओळखीचं हसू होतं, आणि ते खाली सबटायटल उमटायच्या आधी आलं. शेवटी पोरगं जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतं तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

आता ‘साबर बोंडं’. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालपणीचा मित्र बाळ्या यांच्यातलं प्रेम. पार्श्वसंगीत नाही, घाई नाही. या सिनेमाचं नाव काढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: आपल्याकडे हे चालणार नाही. हे वाक्य बोलणारा नेहमी स्वतःला सोडून बोलतो. त्याला सिनेमा आवडलेला असतो. न झेपणारे दुसरे कोणीतरी असतात. सिनेमे निवडणाऱ्यांचा हा सगळ्यात जुना आजार आहे आणि त्यावरचं औषधही जुनंच आहे. कर्नाटकातल्या हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमने १९७३मध्ये फिल्म सोसायटी काढली. पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर आणि फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर तिथे रसास्वादाचे वर्ग घ्यायला गेले, आणि सुपारीच्या बागांतल्या माणसांनी ‘पथेर पांचाली’ आणि ‘बायसिकल थीव्ज’ बघितले. जे खेड्यात चाललं ते आमच्या शहरात चालणार नाही म्हणणाऱ्याने आधी शहराची माफी मागावी.

मात्र चालेल म्हणणं आणि नुसता लावून मोकळं होणं यांत फरक आहे. ‘साबर बोंडं’च्या आधी मी ‘स्थळ’ ठेवीन. विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातली सविता, पाहुण्यांसमोर पुन्हा पुन्हा पाटावर बसणारी, नाव, शिक्षण, उंची सांगणारी. कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न या दोन काळज्या एकाच माणसाच्या डोक्यात कशा राहतात, हे मराठवाड्यात कोणाला समजावून सांगायला नको. दोन तास लग्नाच्या त्या बाजाराचा वैताग आला की मग आनंदच्या घरी बसलेले नातेवाईक ‘आता लग्न कधी?’ विचारतात तेव्हा प्रेक्षक आपसूक त्याच्या बाजूला जाऊन बसतो. तो कोणावर प्रेम करतो हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि तोवर दार उघडलेलं असतं. क्रम उलटा केला तर हे होणार नाही.

तर हिवाळ्यात एका शनिवार-रविवारचा बेत आहे. शनिवारी ‘स्थळ’ आणि ‘साबर बोंडं’, रविवारी ‘दिशा’ आणि ‘होमबाउंड’. ‘दिशा’ची पडद्यावर धड दिसेल अशी प्रत कुठून आणायची, यावर सध्या आमचा जीव अडकला आहे. रविवारचा कार्यक्रम इथे न करता जालन्यात करावा असं माझं म्हणणं आहे, म्हणजे स्टील कारखान्यांतल्या बिहार-मध्य प्रदेशाच्या पोरांना पाळी संपवून येता येईल. समितीत त्यावर एकमत झालं, पण तिकिटावर अडलं. बाकीच्यांना खेळ फुकट ठेवायचा आहे. मी दहा रुपये का होईना लावा म्हणतो. फुकट दाखवला तर पोरं आमचे आभार मानतील आणि हात जोडून जातील. त्यांनी कंटाळा आला तर मध्येच उठावं, जमलं तर नंतर थांबून सिनेमात काय चुकलंय ते सांगावं, पैसे परत मागावेत. हे म्हणणं अजून कोणी मान्य केलेलं नाही.