उसना नाद

यंत्र जोंपर्यंत महाग असतें तोंपर्यंत त्यापासून उद्भवणारे नीतीचे प्रश्न मूठभर लोकांच्या दिवाणखान्यांतच राहतात. तें स्वस्त झालें म्हणजे तेच प्रश्न चव्हाट्यावर येतात. ध्वनि टिपून घेऊन तो वाटेल त्या स्वरांत व वाटेल त्या क्रमानें पुन्हां वाजविणाऱ्या ‘सॅम्पलर’ नामक यंत्राची गोष्ट अशीच आहे. १९७९ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं ‘फेअरलाइट’ हें या जातीचें यंत्र निघालें, तेव्हां त्याची किंमत हजारों पौंड असून तें बाळगणें नामांकित गवयांस व मोठ्या ध्वनिमुद्रणगृहांसच शक्य होतें. २०२३ च्या नोव्हेंबरांत स्वीडनमधील टीनेज इंजिनिअरिंग या मंडळीनें ‘ईपी-१३३’ नांवाचें जें यंत्र विक्रीस काढलें त्याची किंमत २९९ डॉलर होती. दिसण्यांत तें दुकानदाराच्या आंकडेमोडीच्या यंत्रासारखें. चार लहान बॅटऱ्यांवर चालणारें, टेबलाच्या कोपऱ्यांत मावणारें, मायक्रोफोनही आंतच व कर्णाही आंतच.

त्याची रीत सांगावयास सोपी आहे. मायक्रोफोनपुढें टाळी वाजवावी. यंत्र त्या लहरीची उंची एका सेकंदांत सेहेचाळीस हजारांहून अधिक वेळां मोजतें आणि ते आंकडे सांठवितें. मग बारा कळांपैकीं एक दाबली कीं तीच टाळी निघते, दुसरी दाबली कीं तीच अधिक चढ्या स्वरांत. कोणती कळ केव्हां दाबली याची नोंद ठेवून ती सारी ओळ पुनःपुन्हां वाजविण्याचें काम त्यांतील ‘सिक्वेन्सर’ करतो. यंत्र प्रथम निघालें तेव्हां त्याची स्मृति ६४ मेगाबाइटांची होती, म्हणजे आजच्या हिशेबानें चिमूटभर. परंतु ही अडचण नवी नव्हे. १९८७ च्या ‘एसपी-१२००’ या यंत्रांत सारे मिळून दहा सेकंदच मावत. तेव्हां त्या काळचे तरुण कारागीर ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर पळवून ती घाईघाईनें टिपून घेत आणि यंत्रांत तिला पुन्हां मंद करीत. त्यामुळें नादास जो खरखरीतपणा येई तोच पुढें त्या संगीताचा अलंकार ठरला. दारिद्र्यानें कलेस वळण लावल्याचें याहून सुरेख उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

हें संगीतच नव्हे, निव्वळ कात्रीकाम आहे, असें आमच्या वयाचे कित्येक विद्वान् म्हणतात. त्यांच्याशीं वाद घालण्यांत आम्ही वेळ दवडीत नाहीं. डेट्रॉइटचा जेम्स यान्सी ऊर्फ जे डिला हा २००६ सालीं वारला. त्याचें सॅम्पलर आज वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियनच्या संग्रहालयांत आहे. त्याची एखादी ध्वनिमुद्रिका ऐकल्यावरही ज्यास वेचण्यांत प्रतिभा दिसत नाहीं, त्यास माळ्याच्या हारांतही फुलांखेरीज कांहीं दिसणार नाहीं.

खरा प्रश्न चोरीचा आहे. हाही तसा जुनाच. राजशेखरानें काव्यमीमांसेंत ‘हरणा’चा विचार अध्यायच्या अध्याय केला असून कवि व व्यापारी यांस त्यानें या बाबतींत एकाच पंगतीस बसविलें आहे. आमच्या रंगभूमीवर भास्करबुवा बखल्यांनीं १९१६ च्या ‘स्वयंवरा’स ज्या चाली दिल्या, त्यांत घराण्याच्या चिजांचा आधार होता, त्याबद्दल त्यांस कोणी चोर म्हटलें नाहीं, आणि म्हटलें असतें तर महाराष्ट्रानें त्या म्हणणाऱ्यासच हंसून घालविलें असतें. परंतु येथें एक भेद आहे व तो नजरेआड करून चालणार नाहीं. चाल घेणाऱ्यास ती आपल्या गळ्यांतून काढावी लागते. मधल्या वाटेंत तिला त्याचा श्वास, त्याची तालीम, त्याचा दोषसुद्धां चिकटतो. सॅम्पलर चाल घेत नाहीं. तें दुसऱ्याचा श्वासच घेतें. एका विशिष्ट दिवशीं, एका विशिष्ट हातानें जो आघात केला तोच, त्या हाताच्या कंपासकट, आपल्या कळेखालीं येतो.

१९६९ सालीं अमेरिकेंत ‘द विन्स्टन्स’ या मेळ्यानें एका तबकडीच्या मागील बाजूस ‘आमेन, ब्रदर’ नांवाची चीज दिली. तिच्या मध्यें सुमारें सात सेकंद इतर वाद्यें थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा एकटाच ड्रम वाजवितो. हे सात सेकंद पुढें सॅम्पलरांत शिरले व हजारों ध्वनिमुद्रणांतून उमटले. इंग्लंडांत ‘जंगल’ आणि ‘ड्रम अँड बेस’ या शाखा बव्हंशीं त्यांवरच पोसल्या. कोलमन २००६ सालीं अटलांटा येथें बेघर अवस्थेंत वारला. त्या सात सेकंदांबद्दल त्यास कवडी मिळाली नव्हती. मेळ्याचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांस २०१५ सालीं कांहीं चाहत्यांनीं वर्गणी जमवून सुमारें चोवीस हजार पौंड दिले. ही कृतज्ञता खरी. पण ज्याचा हात होता तो तोंवर नव्हता.

कायद्याचें काय, असें कोणी विचारील. कायदा मालक कोण हें विचारतो, हात कोणाचा हें विचारीत नाहीं. १९९१ सालीं न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानें एका रॅप गायकाविरुद्धच्या निकालाचा आरंभच बायबलांतील चौर्यनिषेधाच्या आज्ञेनें केला. पुढें २००५ मध्यें अमेरिकेच्या सहाव्या मंडळाच्या न्यायालयानें दोन सेकंदांच्या तुकड्यासही परवाना हवा असें ठरविलें. २०१६ सालीं नवव्या मंडळाच्या न्यायालयानें तें मत नाकारलें. आमच्या जवळचें उदाहरण घ्यावयाचें तर लताबाई मंगेशकरांचें आहे. १९८१ च्या ‘ज्योति’ चित्रपटांतील त्यांचें एक गीत २००२ सालीं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकन गाण्याच्या तळाशीं विनापरवाना घालण्यांत आलें. दावा झाला, आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचें नांव छापल्याखेरीज तबकडी विकूं नये असा हुकूम २००३ सालीं लॉस एंजेलिसच्या न्यायालयानें दिला. हुकूम न्याय्यच होता. परंतु जगानें त्या गाण्यांत जें ऐकलें तो लताबाईंचा कंठ होता, आणि भांडण चाललें होतें तें मालकीचें व संगीतकाराच्या नांवाचें.

तेव्हां कायदा कडक करावा काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. परवाना महाग झाला कीं होतें तें असें: यंत्र गरिबाच्या हातीं येतें व नाद श्रीमंताच्या. ज्याच्यापाशीं वकील आहे त्याचें वेचणें कला ठरतें. खोलींत बसून तेंच करणारा पोर चोर ठरतो. खोलींतल्या त्या पोरानें अभ्यासासाठीं जें वेचावें तें आम्ही रियाजांत धरतों. गुरूची नक्कल केल्यावांचून कोण शिकला आहे? तें विकावयास निघाल्यावर मात्र त्याच्यावर नांवाचें व वांट्याचें अशीं दोन ऋणें चढतात. नांव सांगण्यास पैसा लागत नाहीं, म्हणून तें न सांगण्यास सबबही नाहीं.

यावर कोणी म्हणतात कीं जुन्या तबकड्यांच्या भानगडींत पडावेंच कशाला. यंत्रांत मायक्रोफोन आहे, भोंवतालचे नाद टिपावे. सल्ला उत्तम आहे, पण त्यानें प्रश्न सुटत नाहीं, उलट अधिक उघडा पडतो. पुण्याच्या एखाद्या पेठेंत सकाळीं वासुदेव येतो, भाजीवाली हांक देते. त्या हांकेची मालकी कोणत्याही दप्तरांत नाहीं, तिच्यासाठीं कोणी वकील उभा राहणार नाहीं. तरी गळा तिचाच, आणि ती लकब तिनें वर्षांनुवर्षें उन्हांत कमावलेली. तिला विचारावें, हें तर उघडच आहे. परंतु ‘तुझी हांक घेऊं का?’ म्हणून विचारलें असतां ती हंसून ‘घ्या कीं’ म्हणेल, आणि आपण नेमकें काय मागितलें हें त्या घटकेस ना तिला कळलेलें असेल, ना आपल्याला. १९६९ सालीं कोलमनला कोणी विचारलें असतें तर त्यानेंही तेवढ्या सात सेकंदांस बहुधा नाहीं म्हटलें नसतें.